शून्य क्रेडिटचा पेपर

गेल्या महिन्यात प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात पडलं. एम. ए., इंटरनॅशनल स्टडीज. दोन वर्षांचा कोर्स मला दोन वर्षं आणि दोन महिने पुरला. वरचे दोन महिने परक्या भाषेच्या ज्या अटीने खाल्ले, तिच्यापुढे गुणपत्रिकेत क्रेडिट, म्हणजे पेपराचं वजन, लिहिलंय शून्य.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर आणि निपाणीकडच्या तिघींनी फोन करून विचारलं, की हे एम. ए. नेमकं काय असतं, काय काय करावं लागतं. तिघींना तासतासभर सांगून झाल्यावर वाटलं, लिहूनच काढावं. विद्यापीठाचं नाव घालत नाही, कारण मधेमधे मी वैतागलेली आहे आणि तिथली माणसं तशी वाईट नव्हती. ते कर्नाटकात नाही, महाराष्ट्रात नाही आणि गोव्यातही नाही, एवढं पुरे.

माझं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. शाळा मराठी, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून, बी. ए. बेळगावात, विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. 'इंटरनॅशनल स्टडीज' म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न आला तो, "म्हणजे फॉरेनला जाणार गे?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग इंटरनॅशनल कशाला म्हणायचं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. प्रवेशाला मात्र कुठल्याही शाखेची पदवी आणि ५० टक्के गुण एवढंच लागत होतं. राज्यशास्त्र नसलं तरी चालतं. आमच्या वर्गात एक बी. कॉम. आणि एक इंजिनियर होता, आणि इंजिनियरला संख्याशास्त्राच्या पेपरात आमच्यापेक्षा सोपं गेलं.

मार्च २०२३ मध्ये फॉर्म भरला, मे महिन्यात प्रवेश परीक्षा, जूनमध्ये ऑनलाइन मुलाखत. मुलाखतीच्या दिवशी गावात सकाळपासून वीज नव्हती. मी खानापुरात मैत्रिणीच्या घरी जाऊन बसले. "हा विषय का?" असं विचारलं तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरले आणि कॅसलरॉक स्टेशनाबद्दल बोलत सुटले. लहानपणी गोव्याला जाताना बाबा तिथे आल्यावर सांगायचे, की इथे पूर्वी देश संपायचा. मुलाखत घेणाऱ्या बाई एवढ्यावरच दहा मिनिटं रेंगाळल्या.

कागदपत्रांचं सविस्तर सांगते, कारण तिथे माझा जुलै महिना गेला. एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीची मार्क्स कार्डं, सहाही सेमिस्टरची मार्क्स कार्डं, टीसी, मायग्रेशन (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचा दाखला), वर्तणुकीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. परक्या राज्यातल्या विद्यापीठात वरून पात्रता प्रमाणपत्र लागतं, आणि मायग्रेशन दिल्याशिवाय ते मिळत नाही. मायग्रेशनचा अर्ज टीसी घेतानाच त्याच दिवशी टाका. मी आठवडाभराने टाकला आणि २३ दिवस थांबले. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून कन्नडमध्ये घेतला होता. तिकडच्या कारकुनाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, तेलुगू का? सहा पानांचं इंग्रजी भाषांतर आणि नोटरी मिळून २,१०० रुपये गेले. शिवाय एसएसएलसीच्या कार्डावर माझ्या नावापुढे नुसती आद्याक्षरं, आधारवर आडनाव पूर्ण. त्यासाठी शंभराच्या ई-स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. जन्मदाखल्यावर गावाच्या जिल्ह्याचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगचं, बाकी सगळीकडे 'बेळगावी', कारण ते नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. ही दोन वेगळी शहरं नाहीत हे मी तोंडी सांगितलं आणि नवल म्हणजे ते त्यांनी तोंडीच मान्य केलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी नियमावलीची पुस्तिका मिळाली. एकूण ८० क्रेडिट: बारा मुख्य पेपर, चार ऐच्छिक, प्रत्येकी चार क्रेडिट, आणि शेवटच्या सत्रात सोळा क्रेडिटचं डिसर्टेशन, म्हणजे प्रबंध. हजेरी ७५ टक्के. हे सगळं ठीक. अकराव्या पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक कलम होतं: डिसर्टेशन जमा करण्याआधी इंग्रजी, भारतीय भाषा सोडून आणखी एका भाषेचं वाचनापुरतं ज्ञान परीक्षा देऊन सिद्ध करावं. क्रेडिट शून्य. पण यात पास झाल्याशिवाय उरलेले ऐंशी कागदावर येणार नाहीत.

मी भोळेपणाने ऑफिसात जाऊन विचारलं, कन्नड चालेल का? मला चांगलं येतं, लिहितासुद्धा येतं. "ती परकी भाषा नाही," असं उत्तर मिळालं. आमच्याकडे मराठी परकी की कन्नड परकी यावर मोर्चे निघतात. इथे दोन्ही एका वाक्यात घरच्या ठरल्या. हसत हॉस्टेलवर आले, आणि मग रडू आलं. बाकी मुलांपैकी अर्ध्यांनी शाळेत फ्रेंच घेतलं होतं.

यादीत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, चिनी, जपानी, अरबी आणि फारसी होती. मी स्पॅनिशला नाव घातलं, कारण वर्गाची वेळ सोयीची होती. हे असंच चाललं असतं. पण सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तासाला एक खटला आला.

पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला होता. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेली होती, आणि दमणहून तिथे जायला भारताच्या जमिनीवरून वाट मिळावी, हा आमचा हक्कच आहे, असं त्यांचं म्हणणं. निकाल १२ एप्रिल १९६० चा. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी असा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी नव्हता. आणि भारताने जे केलं त्यात कर्तव्यभंग झाला नाही. वर्गात सगळे हे टिपून घेत होते. मी निकालपत्राचं पान चाळत होते आणि एका ओळीवर अडकले. पोर्तुगीजांचा आधार होता पेशव्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि नंतरच्या सनदा. न्यायालयाने म्हटलं, की मराठ्यांनी दिलं ते गावांचं सार्वभौमत्व नव्हे, फक्त जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलापुरता हक्क. 'सरंजाम' हा शब्द इंग्रजी निकालपत्रात जसाच्या तसा छापलेला. सरांनी विचारलं, हा शब्द कुणाला माहीत आहे का? वर्गातल्या बत्तीस जणांत माझा एकटीचा हात वर गेला. दोन वर्षांत मी आपण होऊन हात वर केला असे प्रसंग चार-पाचच असतील; हा पहिला.

तास संपल्यावर सरांनी विचारलं, तुझं गाव कुठलं? पुढे तेच माझे गाईड झाले. विषय असा ठरला: १९५५ ते १९६१ या काळात भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा खानापूर तालुक्यातल्या हद्दीवर रोजचं आयुष्य कसं चाललं. विभागातल्या एका बाईंनी शंका काढली, की हा तर एका तालुक्याचा इतिहास झाला, यात आंतरराष्ट्रीय काय? सर म्हणाले, तेव्हा त्या तालुक्याच्या पश्चिमेला दुसरा देश होता. घरच्यांच्या त्या जुन्या प्रश्नाला मला तिथे उत्तर मिळालं.

आता स्पॅनिश शिकून काय करणार? कागद सगळे पोर्तुगीजमध्ये. आणि पोर्तुगीज यादीत नाही. यादीत नसलेल्या भाषेसाठी अर्ज करता येतो, असं त्याच अकराव्या पानावर होतं. मी १८ सप्टेंबरला अर्ज दिला. तो विभागाच्या बैठकीत गेला, तिथून अभ्यास मंडळाकडे, तिथून परत आला. कारण काय, तर 'परीक्षक कोण?' हे मी लिहिलं नव्हतं. ते विद्यार्थ्याने सुचवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पोर्तुगीज शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक मित्राच्या ओळखीने मिळाले, त्यांचं संमतीचं पत्र जोडलं. मंजुरीचं पत्र २९ जानेवारी २०२४ ला आलं. चार महिने अकरा दिवस. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच अर्जासोबत तीन कागद लावा: विषयाचं एक पानी टिपण, त्या भाषेत कुठले कागद वाचायचे आहेत त्यांची यादी, आणि परीक्षकाचं पत्र. तोंडी समजावण्यात माझे दोन महिने वाया गेले.

दुसरं सत्र आलं आणि गेलं. आंतरराष्ट्रीय अर्थकारणाचा पेपर जड होता, एवढंच आठवतं.

पोर्तुगीज मी फेब्रुवारीपासून ऑनलाइन सुरू केलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका पातळीचे ९,००० रुपये. पहिल्या महिन्यात वाटलं, सोपं आहे, कारण अर्धी भाषा आमच्या स्वयंपाकघरातच निघाली. परात त्यांची, बटाटा त्यांचा, पाव त्यांचा. बांधकामावरचं घमेलं त्यांचं, दाराची बिजागरी आणि चावी त्यांची, केसांची फीत त्यांची. तुरुंग त्यांचा. 'पगार' म्हणजे त्यांच्याकडे 'पैसे देणं' हे क्रियापद. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं पोर्तुगीजच बोलूलो की." मी वहीच्या मागच्या पानावर असे शब्द लिहीत गेले, साठच्या वर भरले. पण नामं ओळखीची आली म्हणून वाक्य कळत नाही. क्रियापदांची रूपं सुरू झाली आणि हसू बंद झालं.

मे आणि जून २०२४ मधले सहा आठवडे पणजीत राहिले. खोली, जेवण आणि क्लास धरून ३२,५०० रुपये लागले; बाबांनी काजूच्या पैशातून दिले. चोर्ल्याच्या घाटातून बस तीन तासांच्या आसपास घेते. पाऊस लागला की घाटाचा भरवसा नाही, त्यामुळे जूनमध्ये मी घरी आलेच नाही. क्लासमध्ये अठरा जण होते. अभ्यासासाठी आलेली मी आणि एक वकील; बाकी बहुतेकांना पोर्तुगालचा पासपोर्ट हवा होता. आजोबा-आजी १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले असले, की त्या वाटेने जाता येतं. शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, मी भाषा शिकते तिकडे जायला, तू शिकतेस इथलेच कागद वाचायला. आपल्या दोघींत खुळी कोण? तिचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला होता.

परीक्षा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. फी १,५०० रुपये, वेळ दोन तास, दोन उतारे, इंग्रजीत भाषांतर, छापील शब्दकोश चालतो, मोबाइल नाही. मला ४१ पडले. पास व्हायला ५० लागतात.

का नापास झाले ते लिहिते, कारण चूक अभ्यासाची कमी नव्हती, दिशेची होती. मी आजची पोर्तुगीज शिकले होते, बाजारात, स्टेशनवर, डॉक्टरकडे बोलायची. उतारे होते १९५० च्या दशकातल्या सरकारी भाषेचे. एक वाक्य अकरा ओळींचं, क्रियापद नवव्या ओळीत. 'देस्पाशु' या शब्दाचा अर्थ मी 'रवानगी' घेतला; सरकारी कागदात तो 'आदेश'. आणि 'प्रासा' म्हणजे चौक, हे मला पणजीत रोज कानावर पडून पाठ झालेलं. लष्करी कागदात 'प्रासा' म्हणजे साधा शिपाई. त्यामुळे माझ्या भाषांतरात चौदा चौक रात्री हद्दीवर रवाना झाले आणि पहाटेपर्यंत परतले नाहीत. परीक्षकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने नुसती एक रेघ ओढली होती. त्या रेघेची मला अजून लाज वाटते.

पुढची परीक्षा मे महिन्यात. वर्षातून दोनदाच होते. म्हणजे मेमध्ये पास झाले तरी निकाल जूनच्या शेवटी, आणि डिसर्टेशन जमा करायची मुदत ३१ मे. बरोबरच्यांसोबत पदवी मिळणार नाही, हे नोव्हेंबरमध्येच नक्की झालं. चार दिवस कुणाचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "नापास झालीस तर झालीस. जेवूलीस काय नाही ते सांग."

म्हणून सांगते, भाषेची परीक्षा तिसऱ्या सत्राच्या आधी एकदा देऊन टाका, तयारी अर्धी असली तरी. जुने उतारे विभागाच्या ऑफिसात फाइलला असतात. कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही. आमच्याकडे पोर्तुगीजचा उतारा अर्थातच नव्हता, पण फ्रेंचचे पाहिले असते तरी 'उताऱ्यात सरकारी भाषा येते' एवढं कळलं असतं.

या सगळ्याच्या मधे एथिक्स कमिटी. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर आधी या कमिटीची परवानगी लागते. चौदा पानी फॉर्म मी ऑक्टोबरमध्ये दिला. मी लिहिलं होतं, की लोकांना गोव्यातून चोरट्या मार्गाने आणलेल्या घड्याळांसारख्या मालाबद्दल विचारणार आहे. कमिटी तिथेच थांबली. त्यांचं म्हणणं: ही गुन्ह्याची कबुली होऊ शकते, तेव्हा कुणाचंही नाव छापायचं नाही, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. सत्तर वर्षांपूर्वीच्या घड्याळांवरून आता कोण पकडायला येणार, असं मला वाटलं. पण नियम मला पटलाही, कारण गाव लहान आहे आणि नातवंडं मोठ्या पदांवर आहेत. संमतिपत्र मराठी आणि कन्नडमध्ये करायचं, मग तिसऱ्याच माणसाने त्याचं परत इंग्रजी करायचं आणि मूळ इंग्रजीशी ताडून पाहायचं. पहिल्या फेरीत 'ऐच्छिक सहभाग' चं परत इंग्रजी झालं ते 'पर्यायी विषय' अशा अर्थाचं. 'तुमची मर्जी असेल तरच बोला' असं लिहिल्यावर पास झालं.

ते सुंदर संमतिपत्र घेऊन डिसेंबरमध्ये गावात गेले आणि पहिल्याच ओसरीवर आपटले. "सही कशाला? सातबारा जातो काय?" आमच्याकडे उतारा असतो तो आरटीसी, पण म्हातारी माणसं अजून सातबाराच म्हणतात. जुन्या माणसांच्या हिशोबात शिकलेल्या पोरीने कागदावर अंगठा मागितला, की जमीन हललीच. तीन घरांतून चहा पिऊन रिकामी परत आले. मग कमिटीला लिहिलं, की तोंडी संमती रेकॉर्ड करू द्या. १९ दिवसांनी होकार आला, पण त्या १९ दिवसांत डिसेंबर संपला. तुमच्या मुलाखती गावात असतील तर तोंडी संमतीचा पर्याय पहिल्याच फॉर्मात मागून ठेवा.

जानेवारी २०२५ मध्ये चौदा मुलाखती झाल्या. तीन कन्नडमध्ये, दोन कोकणीत, बाकी आपल्या मराठीत. बसने, पायी, आणि चुलत भावाच्या बाइकवर. सगळे ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या आठवणीत गोव्याची गाडी एक दिवस बंद झाली. कॅसलरॉक हे आपल्याकडचं शेवटचं स्टेशन, पुढे कुळें त्यांचं. रुळांवर गुरं बसायची, असं एक आजी म्हणाल्या. गाडी बंद झाली तरी जंगल बंद झालं नव्हतं. घड्याळं, ब्लेडची पाकिटं, कुणी सोनं. आणि डिसेंबर १९६१ मध्ये अनमोडच्या रस्त्याने रात्रभर लष्कराच्या गाड्या. सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली होती हे मी वाचलं होतं. पण त्या गाड्यांतल्या जवानांना गावच्या बायकांनी भाकऱ्या करून दिल्या आणि जवानांना नाचणीची भाकरी खाता येईना, हे कुठल्या पुस्तकात मिळणार? एकांना विचारलं, रेडिओ ऐकायचात का? १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून गोवामुक्तीचं रेडिओ केंद्र चालवलं होतं. ते म्हणाले, "रेडिओ कुणाकडं होता?" त्याच महिन्यात लिबिया लोबो सरदेसाई यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं. मी पेपर घेऊन त्यांना परत दाखवायला गेले. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, बाई शिकलेली दिसते.

चौदातले सात नंबरचे तात्या आमच्या वाड्यावरचेच. वय ८६. सोळाव्या वर्षापासून दोन पावसाळे सोडून सगळे दिवस हद्दीवरून ये-जा केलेली. घड्याळं पोटरीला फडक्याने बांधून आणायचे. चालताना टिकटिक ऐकू येते म्हणून चावी द्यायची नाही. त्यांनी साडेतीन तास सांगितलं.

पणजीच्या पुराभिलेखागारात फेब्रुवारीत बारा दिवस बसले. ही संस्था १५९५ ची. गाईडचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र आणि अर्ज एवढ्यावर काम झालं, आणि तिथल्या माणसांनी फाइली शोधायला मनापासून मदत केली. पहिल्या दिवशी मी दीड पान वाचलं. बाराव्या दिवशी अकरा. नोव्हेंबरमध्ये जी भाषा मला नापास करून गेली ती इथे रोज समोर होती: अकरा ओळींची वाक्यं, 'देस्पाशु', 'प्रासा'. मेच्या परीक्षेची तयारी म्हणून मी वेगळं काहीच केलं नाही. मेमध्ये ६८ पडले.

डिसर्टेशन एप्रिल ते जुलै लिहिलं, इंग्रजीत, १७,००० शब्द. मग समानतेची तपासणी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतं ते पाहणं. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत काही अडचण नसते. १० ते ४० मध्ये गेलं की दुरुस्त करून परत द्यावं लागतं. माझा पहिला अहवाल आला १७ टक्के. घाम फुटला. नीट पाहिलं तर हेगच्या निकालातली अवतरणं, संदर्भसूची आणि ठरावांची लांबलचक नावं यांनीच आकडा फुगवला होता. हे सगळं, आणि सलग १४ शब्दांपर्यंतची किरकोळ समानता, त्याच नियमांप्रमाणे वगळायची असते. ग्रंथालयात जाऊन वगळण्याचे पर्याय चालू करून परत तपासायला सांगितलं; ६ टक्के. मुदत उलटल्याचा दंड २,००० रुपये भरून १ ऑगस्टला जमा केलं. चार प्रती विभागाला लागतात, मी पाच बांधून घेतल्या, प्रत्येकी ४५० रुपये.

एकूण खर्च विचाराल तर चार सत्रांची फी ५५,२०० रुपये, हॉस्टेल आणि मेस महिन्याला ५,२०० च्या आसपास. भाषेपायी ऑनलाइनच्या दोन पातळ्या, पणजी आणि दोन परीक्षा धरून ५३,५०० गेले. शून्य क्रेडिटवर जवळपास फीएवढाच खर्च झाला, हे आत्ता लिहिताना प्रथमच लक्षात आलं.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, २६ ऑगस्टला, पंचवीस मिनिटांचा. बाहेरच्या परीक्षकांनी एकच अवघड प्रश्न विचारला. म्हणाले, तुमचा तालुका आज दोन राज्यांच्या हद्दीवरही आहे. तेव्हाच्या आणि आताच्या सीमेबद्दल लोक एकाच शब्दात बोलतात का? याचं उत्तर प्रबंधात नव्हतं, पण रेकॉर्डिंग लिहून काढताना कानावर पडून गेलं होतं. गोव्याकडची ती 'हद्द', महाराष्ट्राकडची ती 'बॉर्डर', आणि 'सीमा' हा शब्द बोलण्यात येतो तो फक्त सीमाभाग, सीमाप्रश्न असा. त्यांनी ते लिहून घेतलं. एवढं मी आधी प्रबंधात का घातलं नाही, याची हळहळ आहे.

प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेबद्दल एकीने विचारलं होतं: आपला विषय राज्यशास्त्राच्या कोडमध्ये शोधू नका. आंतरराष्ट्रीय संबंध आणि क्षेत्र अभ्यास यांचा कोड ९० आहे. डिसेंबरला देणार आहे. नोकरीचं म्हणाल तर अजून काही नाही. सध्या बेळगावात एका क्लासमध्ये सामान्यज्ञान शिकवते.

पाचवी प्रत घेऊन गणपतीनंतर तात्यांकडे गेले. इंग्रजी वाचता येत नाही, पण पानं एकेक करून सगळी उलटली. मग विचारलं, "माझं नाव कुठं हाय?" मी पान काढून 'मुलाखत क्र. ७' दाखवलं आणि कमिटीचा नियम सांगितला. त्यांना राग आला. "सात नंबर काय गे? मी काय कैदी? चोरी नव्हे केली ती, धंदा केला. घाल नाव." मी म्हटलं, तात्या, विद्यापीठातल्या प्रतींत नाही घालता येणार. ते म्हणाले, "मग ह्यात घाल." खिशातलं पेन काढून पुढे केलं. 'क्र. ७' च्या शेजारी मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ती प्रत आता त्यांच्याच कपाटात आहे, आणि मला स्वतःसाठी सहावी बांधून घ्यायची आहे.